वायर जाड, चार्जर लहान

प्लग-इन हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि बॅटरीवर चालणारी विजेची मोटर अशी दोन्ही साधने असतात, आणि ही बॅटरी घरच्या विजेवर भरता येते. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रँड व्हिटारा, हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांना बाहेरून वीज घ्यायला जागाच नसते. त्यांची बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाचलेल्या ऊर्जेवर भरते. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाला कुणी घरचा चार्जर सुचवत असेल तर पुढचे काही ऐकायची गरज नाही. खऱ्या प्लग-इन हायब्रिड गाड्या भारतात अजून श्रीमंतांच्याच गॅरेजमध्ये दिसतात: २०१५ साली आलेली बीएमडब्ल्यू आय-८, व्होल्वो एक्ससी-९० टी-८, डिसेंबर २०२२ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हरची प्लग-इन आवृत्ती. अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये मात्र टोयोटा प्रियस किंवा मित्सुबिशी आउटलँडरच्या रूपाने ती चारचौघांची गाडी झाली आहे, आणि तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आपल्या आधी येऊन ठेपला आहे.

चार्जर निवडताना पहिला आकडा बघायचा तो बॅटरीचा. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात, आणि एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी साधारण ३० ते ८० युनिटांची, कधी त्याहूनही मोठी असते. प्लग-इन हायब्रिडची त्या मानाने बरीच लहान. २०१७ सालच्या प्रियस प्राइमची बॅटरी ८.८ युनिटांची होती, २०२३ च्या नव्या प्रियस प्राइमची १३.६ युनिटांची आहे, आणि टोयोटा आरएव्ही-४ प्राइमची १८.१ युनिटांची. बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या अडीच टनांपेक्षा जड गाडीतही वापरता येणारी क्षमता २५.७ युनिटेच आहे. एवढ्या विजेवर गाडी साधारण ४० ते ८० किलोमीटर जाते. रोजचे ऑफिस, शाळा, बाजार एवढ्यात भागते. त्यापुढे इंजिन आहेच.

दुसरा आकडा गाडी घरी किती वेळ उभी असते याचा. रात्री नऊला आलेली गाडी सकाळी सातला निघत असेल, तर मधले दहा तास मोकळे आहेत. घरातल्या पॉवर प्लगमधून, म्हणजे ज्याला बोलताना ‘पंधरा अँपिअरचा पॉइंट’ म्हणतात आणि ज्याच्यावर १६ असा आकडा छापलेला असतो त्यातून, फक्त १० अँपिअर घेतले तरी २३० व्होल्टला ती २.३ किलोवॉट शक्ती होते. दहा तासांत २३ युनिटे. दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते असे धरले तरी बॅटरीत वीसेक युनिटे पडतात. या हिशेबाने नवी प्रियस प्राइम पूर्ण रिकामी असली तरी सात तासांच्या आत भरते, आरएव्ही-४ प्राइम नऊ तासांत. पूर्ण १६ अँपिअर मिळाले, म्हणजे जवळपास ३.७ किलोवॉट, तर एक्सएमसुद्धा आठ तासांत भरून उभी राहते. शिवाय बॅटरी रोज तळाला लागतेच असे नाही.

थोडक्यात, बहुतेक प्लग-इन हायब्रिडना घरी मोठा चार्जर लागत नाही. बाजारात मात्र गिऱ्हाइकासमोर पहिला ठेवला जातो तो ७.२ किंवा ७.४ किलोवॉटचा, आणि बंगला असेल तर ११ किंवा २२ किलोवॉटचा थ्री-फेज डबा. हे डबे पूर्ण विजेच्या मोटारींसाठी योग्य आहेत. प्लग-इन हायब्रिडमध्ये त्यांची बरीचशी ताकद वाया जाते. ती कशी, हे समजण्यासाठी भिंतीवरच्या त्या डब्यात नेमके काय असते ते पाहावे लागेल.

भिंतीवरच्या ज्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, ती खरे तर चार्जर नसतेच. बॅटरीला डीसी वीज लागते आणि घरात एसी येते. एसीची डीसी करणारे यंत्र गाडीच्या पोटातच बसवलेले असते आणि खरा चार्जर तोच. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणा स्विच. गाडी नीट जोडली आहे का, अर्थिंग आहे का, गळती होत नाही ना, हे बघून ती वीज सोडते. चार्जिंग किती वेगाने होईल हे गाडीतल्या यंत्राच्या मर्यादेवर ठरते. २०२१ सालच्या आरएव्ही-४ प्राइमच्या साध्या प्रकारात ते यंत्र ३.३ किलोवॉटचे होते, महागड्या प्रकारात पर्याय म्हणून ६.६ किलोवॉटचे मिळे. प्रियस प्राइममध्ये ते ३.५ किलोवॉटचे आहे. या गाडीला ७.४ किलोवॉटची पेटी लावा की २२ किलोवॉटची, ती ओढणार साडेतीनच. तेव्हा दुकानात जाण्याआधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘ऑनबोर्ड चार्जर’ किंवा ‘एसी चार्जिंग’ या ओळीसमोरचा आकडा वाचून जावा. बहुतेक वेळा एवढ्यावरच निवड अर्धी होते.

गाडी आणि पेटी यांचे आपापसात बोलणे पाहण्यासारखे आहे. चार्जिंगच्या प्लगमध्ये वीज नेणाऱ्या जाड पिनांशेजारी दोन बारीक पिना असतात. त्यातल्या एकीवर पेटी १२ व्होल्टचा संकेत ठेवून वाट पाहत असते. प्लग गाडीत घातला की गाडीतल्या रोधामुळे तो ९ व्होल्टवर उतरतो. पेटीला कळते की गाडी आली. मग पेटी त्या पिनेवर सेकंदाला हजार ठोके पाठवू लागते, आणि प्रत्येक ठोका किती रुंद आहे यावरून गाडीला समजते की जास्तीत जास्त किती अँपिअर घेता येतील. ठोक्याची रुंदी १० टक्के असेल तर ६ अँपिअर, साधारण २७ टक्के असेल तर १६, ५३ टक्के असेल तर ३२. गाडी तयार झाली की ती संकेत ६ व्होल्टवर आणते, पेटीतला कॉन्टॅक्टर टक् असा आवाज करून मिटतो आणि तेव्हा कुठे जाड पिनांत वीज येते. प्लग हातात मोकळा असताना त्यात २३० व्होल्ट नसतात ते यामुळे. दुसरी बारीक पिन केबल किती अँपिअरची आहे ते सांगते.

हा संवाद ६ अँपिअरच्या खाली जात नाही, आणि ही तळमर्यादा पुढे सोलरच्या वेळी आडवी येते.

आता पर्याय पाहू. पहिला, गाडीबरोबर येणारी पोर्टेबल केबल, जिच्या मधोमध विटेएवढी पेटी असते आणि टोकाला साधा पॉवर प्लग. वर सांगितलेला सगळा संवाद त्या विटेतच चालतो. बऱ्याच केबलींवर १० आणि १६ अँपिअर अशी निवड करता येते. दुसरा, भिंतीवर कायमची बसवलेली १६ अँपिअरची पेटी. तिसरा, ३२ अँपिअरची, म्हणजे सव्वासात-साडेसात किलोवॉटची पेटी. थ्री-फेजचा विचार प्लग-इन हायब्रिडसाठी सोडून द्यावा, कारण यातल्या बहुतेक गाड्यांमधले यंत्र सिंगल फेजचेच असते.

रोज ३०-४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पहिला पर्याय पुरतो, पण एका अटीवर. तो पॉइंट फक्त गाडीसाठी ओढलेला हवा. या विषयात पैसा खर्च करायची खरी जागा कोणती असेल तर ती हीच, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

घरातला सॉकेट दोन प्रकारच्या भारांना तोंड देतो. गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि थांबतो. सॉकेट तापतो आणि निवतो. गाडी सहा-सात तास एकसारखी वीज ओढते, तीही रोज, तीही सगळे झोपलेले असताना. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या प्लगच्या पिना धरून ठेवतात. वापरून वापरून त्या सैल होतात, आणि जिथे पकड सैल तिथे रोध वाढतो. समजा एका पिनेच्या जागी फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला. १६ अँपिअरला तिथे साडेपंचवीस वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि ती प्लास्टिकच्या बंद डबीत रात्रभर. उष्णतेने पट्टी आणखी ढिली पडते, रोध आणखी वाढतो. प्लगच्या एका पिनेभोवती तपकिरी डाग दिसू लागला की हे सुरू झाले असे समजावे. त्याच जोडातून १० अँपिअर नेले तर उष्णता १० वॉटवर येते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून जुन्या पॉइंटवर पोर्टेबल केबल १६ ऐवजी १० वर लावून चालवणे हा फुकटचा आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. पार्किंगमधल्या मोटारपंपाच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणे कोणत्याही अँपिअरला वाईटच.

अमेरिकेत हीच गोष्ट नियमातच घालून दिली आहे. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या भाराला ब्रेकर सव्वापट मोठा हवा, म्हणून १६ अँपिअरच्या चार्जरला २० चा आणि ३२ च्या चार्जरला ४० चा ब्रेकर लागतो. तिथे घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा असतो आणि त्यातून १२ अँपिअर, म्हणजे जेमतेम १.४४ किलोवॉट मिळतात. आरएव्ही-४ प्राइम त्यावर भरायला बारा तास घेते. म्हणून तिथले लोक २४० व्होल्टचा पॉइंट घालून घेतात. भारत आणि ब्रिटनमध्ये २३० व्होल्ट प्रत्येक भिंतीत आधीच आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

वायरचे गणित सोपे आहे. १६ अँपिअरच्या चार्जरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ३२ अँपिअरला किमान ६ आणि अंतर लांब असेल तर १०. अंतर म्हणजे मीटरपासून गाडीपर्यंतचे. फ्लॅटमध्ये मीटर रूम एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असे असतेच. तीस मीटर अंतर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून १६ अँपिअर जात असतील तर वाटेत चार-साडेचार व्होल्ट पडतात, चालण्यासारखे आहे. त्याच वायरीतून ३२ नेले तर पडणारे व्होल्ट दुप्पट होतात आणि वायरीत वाया जाणारी वीज चौपट. म्हणून शहाणा वायरमन एक सल्ला देतो: चार्जर लहान घ्या, पण पाइप आणि वायर आत्ताच मोठी टाका. पेटी उद्या बदलता येते. तीन-चार वर्षांनी पूर्ण विजेची गाडी आली आणि ३२ अँपिअरची पेटी हवी झाली, तर फरशी किंवा भिंत पुन्हा फोडायला लागत नाही.

वायरीच्या सुरुवातीला दोन उपकरणे हवीत. एक एमसीबी, म्हणजे ब्रेकर, १६ अँपिअरच्या चार्जरला साधारण २० चा. दुसरे आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचे, जे गळती झाली की वीज तोडते आणि माणसाला वाचवते. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दुकानात सहज मिळणारे आरसीसीबी ‘एसी’ प्रकारचे असते. त्याच्या पुढच्या पट्टीवर फक्त एक लाट छापलेली असते. गाडीच्या यंत्रात एसीची डीसी होते, आणि तिथून डीसीची गळती झाली तर असे आरसीसीबी आंधळे होऊ शकते. गाडीसाठी किमान ‘ए’ प्रकार घ्यावा, ज्याच्यावर लाटेखाली तुटक अर्ध्या लाटाही छापलेल्या असतात. भिंतीवरच्या पेटीत ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर ‘ए’ पुरते, नसेल तर महागडा ‘बी’ प्रकार लागतो. पेटी विकत घेताना हाच प्रश्न विक्रेत्याला विचारावा. उत्तर गोलमाल आले तर पेटी ठेवून द्यावी.

अर्थिंगबद्दल आपल्याकडे जेवढी बेफिकिरी आहे तेवढी गाडी सहन करत नाही. जुन्या इमारतींत अर्थची वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कशालाच जोडलेली नसते. फ्रिज, टीव्ही चालतात, कुणाला पत्ता लागत नाही. गाडीची केबल मात्र पहिल्याच दिवशी लाल दिवा दाखवते आणि चार्जर खराब निघाला अशी तक्रार होते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मीटर लावून मोजले की खरे कारण कळते. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा जात असेल तर चार्जर बदलण्याआधी अर्थिंगचा खड्डा बघावा.

प्लगच्या आकाराचा प्रश्न भारतात फारसा उरलेला नाही. इथे एसी चार्जिंगसाठी युरोपप्रमाणे सात पिनांचा ‘टाइप २’ चालतो. अमेरिका आणि जपानमध्ये पाच पिनांचा ‘टाइप १’ आहे. तिथून आणलेली केबल इथे बसत नाही ती त्यामुळे. डीसी फास्ट चार्जिंगची सोय बहुतेक प्लग-इन हायब्रिडना नसतेच. आउटलँडर आणि रेंज रोव्हर यांसारख्या काही गाड्या त्याला अपवाद.

रेंज रोव्हर दुसऱ्याही अर्थाने अपवाद आहे. तिची बॅटरी ३८.२ युनिटांची आहे, म्हणजे एखाद्या छोट्या विजेच्या मोटारीपेक्षा मोठी, आणि आतले यंत्र सातेक किलोवॉटचे. इथे ३२ अँपिअरची पेटी घेणे रास्त आहे. दिवसातून दोनदा गाडी बाहेर पडते आणि मधल्या तीन-चार तासांत पुन्हा भरायला हवी, अशी गरज असेल तरीही. अर्थात गाडीतले यंत्र तेवढे घेणारे असेल तर.

मोठ्या पेटीचा आणखी एक खर्च पेटीच्या किमतीत दिसत नाही. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंतच मिळते. ३२ अँपिअरचा चार्जर चालू असताना एसी आणि गिझर लागले की ती ओलांडली जाते, मग मंजूर भार वाढवून थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. १६ अँपिअरच्या चार्जरला बहुधा मंजूर भारात थोडी वाढ पुरते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो हेही लक्षात घ्यावे. महावितरणच्या दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर पायऱ्या आहेत. महिन्याला २०० युनिटे वापरणाऱ्या घरात गाडीची रोजची १० युनिटे धरून २५ दिवसांची २५० भर पडली, तर वापर ४५० वर जातो आणि गाडीची बरीचशी वीज वरच्या पायरीच्या दराने पडते. वीज आयोगाने विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर ठेवला आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल करून वाहनासाठी वेगळी जोडणी मागण्याचा अधिकार दिला आहे. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार आणि वाचणारे पैसे यांची बेरीज-वजाबाकी प्रत्येकाने आपल्या बिलावर करून पाहावी. छोट्या बॅटरीला ती नेहमीच फायद्याची ठरते असे नाही.

वेळेनुसार दराचा हिशेब देशागणिक उलटा होतो. ब्रिटनमध्ये मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त, म्हणून तिथे ३० जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना वेळ पाळणारे ‘स्मार्ट’ असणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रात सौर वीज वाढल्याने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत दिवसा मिळते. गाडी दिवसा घरी असेल आणि छपरावर सोलर असेल तर प्लग-इन हायब्रिडची लहान बॅटरी त्याला छान जुळते. मात्र ६ अँपिअरची ती तळमर्यादा आठवावी: छपरावरून उरलेली वीज १.४ किलोवॉटच्या खाली गेली की फक्त उरलेल्या विजेवर चालणारी पेटी चार्जिंग थांबवते. ढगाळ श्रावणात हे दिवसभर चालू-बंद होत राहते. यासाठी जास्तीचे पैसे देण्याआधी गाडी खरोखर दुपारी घरी असते का, हे तपासावे.

हाउसिंग सोसायटीत तांत्रिक अडचणीपेक्षा कागदाची अडचण मोठी असते. घरच्याच जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तरी सामायिक भिंतीवरून केबल नेण्यासाठी समितीची लेखी ना हरकत घेणे हिताचे. वायर स्वतःच्या मीटरवरूनच न्यावी. सोसायटीच्या सामायिक मीटरवर सब-मीटर लावून घेतलेल्या विजेचे भांडण पुढच्या वार्षिक सभेत ठरलेलेच आहे.

उघड्यावरच्या पार्किंगमध्ये पेटीवरचा, धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगणारा आयपी आकडा ५४ च्या खाली नसावा, आणि कोकणात ६५ असलेला बरा. पेटी जमिनीपासून छातीच्या उंचीवर, पाणी साचते त्याच्या बरीच वर बसवावी. केबल पाच मीटरची पुरेल का, हे गाडी रोज उभी राहते तशीच उभी करून मोजावे. चार्जिंगचे तोंड कुठल्या गाडीत पुढच्या चाकाजवळ असते, तर कुठल्यात मागे.

सोयीचा विचार शेवटी येतो, पण तो दुय्यम नाही. युरोपियन आयोगाने २०२४ साली रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. मुख्य कारण एवढेच, की मालक गाडी पुरेशी चार्ज करत नाहीत आणि पेट्रोलवर चालवतात. पूर्ण विजेच्या गाडीला प्लग लावला नाही तर ती थांबते. हायब्रिड मात्र निमूट चालत राहते आणि आळस अंगवळणी पडतो. डिकीतून केबल काढा, वीट टांगा, सकाळी ओली केबल पुसून आत टाका, हे पावसाळ्यात कोण करणार? तसे वाटत असेल तर भिंतीवर केबलसकट कायमची टांगलेली १६ अँपिअरची पेटी घ्यावी. वेग पोर्टेबल केबलएवढाच मिळतो, पण ती रोज वापरली जाते.

कोणताही पर्याय घेतला तरी पहिल्या रात्री चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने खाली जाऊन पाहावे. प्लगला आणि एमसीबीच्या डबीला बाहेरून हाताची मागची बाजू लावावी. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग गाडीतून बंद करावे, मग एमसीबी पाडावा, आणि सकाळी वायरमनला बोलावून स्क्रू आवळून, सॉकेट बदलून घ्यावा.